लय आणि निवेदन : प्रमोद पती यांच्या ‘एक्सप्लोरर’चे ऐतिहासिक वाचन

१

मराठीत चित्रपटाविषयी जे समीक्षात्मक लेखन झाले आहे त्याचा फार मोठा भाग कथापटाविषयीचा आहे. कथानकाची बांधणी, पात्रचित्रण, सामाजिक आशय, संगीत आणि अभिनय ही त्या लेखनाची परिचित प्रकरणे होत. लघुपटाचा उल्लेख आलाच, तर तो माहितीपट म्हणून, म्हणजे विषयाच्या अनुषंगाने येतो. लघुपटाच्या रूपाचा, विशेषतः त्याच्या संकलनाचा, स्वतंत्र विचार क्वचितच होतो. कोल्हापूरसारख्या शहरात ही उणीव अधिक जाणवते. बाबुराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली स्थापन केलेली ‘प्रभात’, पुढे जयप्रभा आणि शालिनी हे स्टुडिओ, अशा पायऱ्यांनी येथील चित्रपटाचा इतिहास सांगितला जातो. हा इतिहास निर्मितीसंस्थांचा आणि कथापटांचा आहे. याच शहरातील प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे कथापटापूर्वी सरकारी लघुपट पाहत होता, ही गोष्ट मात्र त्यात कोठेच येत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका सरकारी लघुपटाचा विचार करावयाचा आहे. प्रमोद पती यांनी १९६८ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘एक्सप्लोरर’ हा सुमारे सात मिनिटांचा कृष्णधवल लघुपट लयबद्ध संकलनावर उभा आहे. त्याला कथानक नाही, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटाचे ओळखचिन्ह ठरलेले निवेदनही नाही. नृत्यात रंगलेले तरुण देह, चेहऱ्यांची निकटदृश्ये, विज्ञानाची उपकरणे आणि धार्मिक चिन्हे यांच्या अत्यंत त्रोटक दृश्यखंडांची वेगवान गुंफण आणि तिच्याशी झुंजणारी ध्वनियोजना एवढेच त्याचे साहित्य. या लघुपटाला ‘प्रयोगशील’ म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. तसे केल्याने दोन महत्त्वाचे प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. शासनाच्या प्रचारयंत्रणेच्या पोटात अशी कृती कशी संभवली, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मराठी समीक्षेच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्या काळात आपण मर्ढेकरांच्या लयसिद्धांतावर वाद घालीत होतो, त्याच काळात त्याच शहरात घडलेली ही लयकृती त्या सिद्धांताला कोणता प्रश्न विचारते? हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागते. भारतात चित्रपटगृहांवर सरकारी लघुपट दाखवण्याची सक्ती स्वातंत्र्यानंतर आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिश सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. त्याचे प्रमुख निर्माते म्हणून व्ही. शांताराम यांची नेमणूक झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेला आणि ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक असलेला कोल्हापूरचा दिग्दर्शक काही काळ युद्धकालीन प्रचारपटांच्या यंत्रणेचा प्रमुख होता, ही आपल्या चित्रपट-इतिहासातील एक विसरली गेलेली नोंद आहे. बोर्डाची जागा १९४३ साली इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया या संस्थेने घेतली आणि त्याच वर्षी डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सखाली प्रत्येक खेळात दोन हजार फूटांपर्यंत मान्यताप्राप्त चित्रपट दाखवणे बंधनकारक झाले. ३५ मिलिमीटरची पट्टी सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालली, तर मिनिटाला ९० फूट खर्ची पडते. म्हणजे दोन हजार फूट ही सुमारे बावीस मिनिटे होतात. प्रेक्षकाच्या वेळातील बावीस मिनिटे राज्यसंस्थेने कायद्याने आपल्याकडे घेतली, असा याचा अर्थ.

१९४६ साली ही व्यवस्था मोडली. पण १९४८ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केली तेव्हा सक्तीचे तत्त्व परवान्याच्या अटीच्या रूपाने पुन्हा आले. चित्रपटगृहाने दर आठवड्याला वार्तापट किंवा लघुपट दाखवावा आणि त्यासाठी भाडेही भरावे, अशी ही रचना होती. धरणे, पोलादाचे कारखाने, शेतीसुधारणा, कुटुंबनियोजन, लोककला हे त्याचे विषय. या सर्वांना एकत्र बांधणारे सूत्र चित्रांत नसून आवाजात होते. निवेदक चित्राचा अर्थ सांगत असे, आणि भाषा बदलून तोच अर्थ देशभर पोहोचवता येत असे. एकच चित्रपट्टी इंग्रजी, हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली अशा निरनिराळ्या निवेदनांसह वितरित व्हायची. या व्यवस्थेत चित्र निवेदनाच्या आधीन असणे अपरिहार्य होते. वाक्याची लांबी दृश्यखंडाची लांबी ठरवीत असे, आणि दोन दृश्यांमधील संबंध ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘अशा रीतीने’ यांसारख्या अव्ययांतून प्रस्थापित होई. तात्पर्य, संकलनाचे व्याकरण हे निवेदनाच्या गद्याचे व्याकरण होते.

‘एक्सप्लोरर’ने काय केले हे कळण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. निवेदन काढून टाकणे ही या यंत्रणेत केवळ शैलीची बाब राहत नाही. निवेदन गेले की दृश्यखंडाची लांबी कशाने ठरवायची, हा प्रश्न संकलकासमोर नव्याने उभा राहतो. त्याचे एक उत्तर म्हणजे लय.

३

हा बदल अचानक घडला नाही. १९६५ साली जाँ भावनगरी हे युनेस्कोतून मुख्य सल्लागार म्हणून फिल्म्स डिव्हिजनमध्ये परतले आणि १९६७ पर्यंत तेथे राहिले. इंदिरा गांधी त्या वेळी माहिती व नभोवाणी मंत्री होत्या. भावनगरींच्या पाठिंब्याने संस्थेतील आणि संस्थेबाहेरील काही कलावंतांना मोकळीक मिळाली. १९६७ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हटले पाहिजे. एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेन्टी’मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना बोलते केले. के. एस. चारी आणि टी. ए. अब्राहम यांनी ‘फेस टू फेस’मध्ये सामान्य नागरिकांना लोकशाहीविषयी बोलते केले. एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये निवेदनाशिवाय देशाचे चित्र उभे केले. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’मध्ये राजस्थानातील प्रतिमांची अशी जुळणी केली की तिचा उलगडा निवेदनाने होऊ शकत नव्हता. त्या लघुपटाला बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले.

या कृती एका माळेत ओवल्या जात असल्या तरी निवेदनाला त्यांनी दिलेले पर्याय एकसारखे नाहीत. शास्त्री, चारी आणि अब्राहम यांनी एका आवाजाच्या जागी अनेक आवाज आणले. शास्त्रींच्या १९६८ च्या ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’मध्ये तर चित्र आणि शब्द यांच्या विसंवादातून उपरोध निर्माण होतो. येथे निवेदनाच्या अधिकाराला तडा जातो, पण शब्दाचे स्थान कायम राहते. हुसेन यांनी चित्रकाराची नजर ही संयोजनाची कसोटी मानली. पती यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी काल हेच साहित्य मानले.

प्रमोद पती यांचा जन्म १९३२ सालचा, ओडिशातील. चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्का यांच्या हाताखाली त्यांनी बाहुलीपटाचे शिक्षण घेतले होते, आणि फिल्म्स डिव्हिजनमध्ये त्यांचे काम प्रामुख्याने सचेतपटाशी निगडित होते. ही बाब चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. चालत्या माणसाचे चित्रण करणारा छायालेखक काल मिनिटांत आणि सेकंदांत अनुभवतो. बाहुली एकेक चौकट हलवणारा सचेतपटकार मात्र काल चौकटींत मोजतो. हाताची एक हालचाल आठ चौकटींत बसवायची की बारा, हा त्याचा रोजचा निर्णय असतो. सात मिनिटे म्हणजे पती यांच्यासारख्या कारागिराच्या दृष्टीने १०,०८० चौकटी होत. हीच दृष्टी त्यांनी जिवंत माणसांच्या चित्रणाला लावली. कुटुंबनियोजनावरील ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८), मुंबईच्या गजबजाटावरील ‘ट्रिप’ (१९७०) आणि चित्रकार-लेखक आबिद सुरती यांच्यासह केलेला ‘आबिद’ (१९७२) या लघुपटांत माणसेच बाहुल्यांप्रमाणे चौकटीचौकटीने हलताना दिसतात. ‘एक्सप्लोरर’मध्ये माणसे स्वतःच्या वेगाने नाचतात. तेथे चौकट मोजणारा हात चित्रणाकडून संकलनाकडे वळलेला आहे.

पती यांना विजय राघव राव यांच्यासारखा संगीतकार लाभला, हेही महत्त्वाचे. राव हे बासरीवादक आणि रविशंकर यांचे शिष्य. रागसंगीतातील लयकारी आणि यंत्रनिर्मित ध्वनी या दोहोंशी एकाच वेळी व्यवहार करू शकणारी व्यक्ती त्या काळी विरळाच होती. ‘एक्सप्लोरर’च्या ध्वनीला पार्श्वसंगीत म्हणणे योग्य होणार नाही. तो चित्राच्या मागे नसतो. कधी तो चित्राच्या आघाताशी जुळतो, कधी मुद्दाम निसटतो.

४

येथे ‘लयबद्ध संकलन’ या संज्ञेचा नेमका अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे, कारण वेगवान संकलन आणि लयबद्ध संकलन यांत नेहमी गल्लत होते. आयझेन्स्टाइन यांनी १९२९ साली संकलनपद्धतींचे वर्गीकरण मांडताना मात्रिक आणि लयबद्ध अशी दोन रूपे वेगळी केली. मात्रिक संकलनात दृश्यखंडाची निरपेक्ष लांबी निर्णायक असते. चौकटींची संख्या ठरली की दृश्यात काय आहे याला महत्त्व उरत नाही. लयबद्ध संकलनात दृश्याच्या आतील हालचालही लांबी ठरवते. ‘बॅटलशिप पोटेम्किन’ (१९२५) मधील जिन्यावरून उतरणाऱ्या सैनिकांची पावले संकलनाच्या ठोक्याशी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातूनच ताण निर्माण होतो, हे त्यांचे स्वतःचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

पाश्चात्त्य प्रयोगशील लघुपटाचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे घेताना दिसतो. फेर्नां लेजे आणि डडली मर्फी यांच्या ‘बॅले मेकॅनिक’मध्ये (१९२४) जिना चढणारी धोबीण पुन्हा पुन्हा त्याच पायऱ्या चढते. पुनरावृत्तीमुळे तिची हालचाल यंत्राच्या हालचालीच्या पातळीवर येते. पीटर कुबेल्का यांनी ‘अर्नुल्फ राइनर’मध्ये (१९६०) मात्रिक टोक गाठले. तेथे केवळ काळ्या आणि पांढऱ्या चौकटी आहेत, ध्वनी आणि निःशब्दता आहे, आणि सारी रचना मोजमापाची आहे.

हा भेद कोल्हापूरच्या वाचकाला परकीय परिभाषेवाचूनही कळण्यासारखा आहे. राजारामपुरीतील गल्ल्या नावांनी न ओळखता क्रमांकांनी ओळखल्या जातात: पहिली, दुसरी, तिसरी. ही मात्रांची व्यवस्था झाली. परंतु सकाळच्या भाजीच्या गर्दीतून त्याच गल्ल्या ओलांडताना आणि रात्री उशिरा ओलांडताना चालणाऱ्याला येणारा अनुभव एक नसतो. गल्ल्यांची संख्या तीच, चालण्याची लय निराळी. खासबाग मैदानात कुस्ती रंगू लागली की हलगीचा ठेका चढत जातो. त्या वेळीही प्रेक्षकाच्या अंगात जो ताण येतो तो केवळ ठोक्यांच्या संख्येमुळे येत नाही. ठेका आणि मल्लांची हालचाल यांतील अंतर कमी होत जाते, म्हणून येतो. आणि ज्या शहरात अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने दीर्घकाळ गायन केले, त्या शहराला लय हा मात्रेचा हिशेब नसून मात्रेच्या पोटात शिरण्याची रीत आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत स्वर मात्रेच्या अंशांशी गुंफला जातो. ताल मोजला जात असतो, पण श्रोता मोजणी ऐकत नाही; तिच्याशी चाललेला स्वरांचा व्यवहार ऐकतो.

‘एक्सप्लोरर’ या अर्थाने लयबद्ध आहे. त्याचे दृश्यखंड केवळ त्रोटक नाहीत. त्यांचे त्रोटकपण त्यांच्यातील आशयानुसार बदलते. एखादे परिचित धार्मिक चिन्ह ओळखण्यास डोळ्याला काही चौकटी पुरतात. चेहरा ओळखण्यास अधिक लागतात, आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखण्यास त्याहून अधिक. नाचणाऱ्या देहाची हालचाल तर पूर्ण होण्याआधी कापली तर ती हालचाल राहत नाही, केवळ आकार राहतो. संकलक या तीन वेगवेगळ्या कालगरजांशी खेळतो. चिन्ह पुरेसे दिसते, चेहरा जेमतेम दिसतो, देहाची हालचाल अपुरी राहते आणि पुढच्या दृश्यखंडातील यंत्राच्या हालचालीत पूर्ण होते. पण या लघुपटाला आवर्तन नाही. रागसंगीतातील श्रोता समेची वाट पाहतो, कारण सम कोठे येणार हे त्याला ठाऊक असते. येथे प्रतिमा परत येतात, परंतु परतण्याचे अंतर ठरलेले नसते. समेची अपेक्षा जागवायची आणि सम मात्र अनिश्चित ठेवायची, ही या लघुपटाची लयरीती आहे.

५

मराठी सौंदर्यशास्त्रात लयीला केंद्रस्थान मर्ढेकरांनी दिले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील त्यांची मांडणी सुपरिचित आहे. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांतील लयबद्ध संबंधांत असते, आणि हे संबंध संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी नियंत्रित होतात. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते, संगीतिकांचे लेखक होते. ध्वनीची कालबद्ध रचना हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग होता. १९५६ साली त्यांचे निधन झाले, आणि पुढील दोन दशके मराठी समीक्षा त्यांच्या सिद्धांताच्या बाजूने वा विरुद्ध बोलत राहिली. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) या वादाला तत्त्वज्ञानाची बैठक दिली.

या वादात चित्रपटाला जवळजवळ स्थान मिळाले नाही. मर्ढेकरांचा सिद्धांत शुद्ध संवेदनेवर उभा असल्याने संगीत आणि चित्रकला त्याला सोयीची होती. साहित्याच्या बाबतीत अर्थ आडवा येत असल्यामुळे त्यांना ‘भावनानिष्ठ समतानते’ची कल्पना मांडावी लागली. लयबद्ध संकलनाचा लघुपट या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्यात आघात आहे, म्हणजे शुद्ध काल आहे. पण ज्यावर आघात होतो ती प्रतिमा कशाची तरी आहे. देवाची मूर्ती आणि प्रयोगशाळेतील उपकरण हे समान लांबीचे दोन ठोके असू शकतात, तरीही ते समान नाहीत.

मर्ढेकरांची तीन तत्त्वे ‘एक्सप्लोरर’ला लावून पाहिली तर पहिली दोन सहज लागू पडतात. देहाची थरथर आणि यंत्राची थरथर यांत संवाद आहे. श्रद्धेचे चिन्ह आणि विज्ञानाचे साधन यांत विरोध आहे. अडचण येते ती तिसऱ्या तत्त्वापाशी. हा लघुपट समतोल साधत नाही. त्याच्या शेवटी परंपरा आणि विज्ञान यांचा मेळ लागत नाही, की एकाने दुसऱ्यावर मात केल्याचेही दिसत नाही. तरुण पिढी दोहोंच्या मध्ये फेकली गेली आहे, एवढेच उरते.

याला रूपाची उणीव म्हणावे काय? मर्ढेकरांच्या चौकटीत तसे म्हणावे लागेल. पण फिल्म्स डिव्हिजनच्या इतिहासात ठेवून पाहिले की वेगळीच गोष्ट ध्यानात येते. त्या काळातील सरकारी लघुपटात समतोल साधण्याचे काम निवेदन करीत असे. मंदिर दिसले आणि नंतर कारखाना दिसला, की आवाज सांगे की भारत आपला वारसा जपत प्रगतीकडे वाटचाल करीत आहे. परंपरा आणि आधुनिकता यांचा समन्वय ही नवस्वतंत्र राष्ट्राची अधिकृत विचारप्रणाली होती आणि तिचा उच्चार शेवटच्या वाक्यात होत असे. पती यांनी निवेदन काढले तेव्हा त्यांनी हा समन्वयच काढून घेतला. समतोलाचा अभाव ही या लघुपटाची राजकीय कृती आहे, आणि ती केवळ लयीच्या द्वारे झाली आहे.

यातून मर्ढेकरांच्या सिद्धांताकडे वळून पाहिले तर एक शंका उपस्थित होते. संवाद आणि विरोध ही घटकांच्या संबंधांची वर्णने आहेत. समतोल हे मात्र वर्णन नाही, ती मागणी आहे. विरोध शमला पाहिजे, ही अपेक्षा त्यात अनुस्यूत आहे. ही अपेक्षा कलेच्या स्वभावातून येते, की विशिष्ट काळातील सामाजिक इच्छेतून? ‘काही कविता’ (१९४७) लिहिणाऱ्या कवीच्या सौंदर्यशास्त्रात ही मागणी असावी, हे विलक्षण आहे, कारण त्या कवितांत यंत्र आणि भक्तीची परिभाषा शेजारी शेजारी येतात तेव्हा त्यांच्यातील विरोध शमत नाही. कवी मर्ढेकर या बाबतीत सिद्धांतकार मर्ढेकरांच्या पुढे होते, असे म्हणण्यास जागा आहे.

६

येथवरचे विवेचन वाचून लय ही मुक्तीची आणि निवेदन ही सत्तेची बाजू आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. लयीलाही स्वतःची सत्ता असते. निवेदनाशी मनात वाद घालता येतो. लय मात्र वाद घालण्यास अवधी देत नाही. वेग वाढला की प्रत्येक प्रतिमा केवळ ठोका बनते, आणि मूर्ती, यंत्र व चेहरा यांतील भेद पुसट होतो. सुखदेव यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. निवेदनाविना देश दाखवणाऱ्या ‘इंडिया ६७’च्या या दिग्दर्शकाने १९७६ साली ‘थंडर ऑफ फ्रीडम’मध्ये आणीबाणीचे समर्थन केले. प्रतिमांच्या जुळणीवरील त्यांच्या प्रभुत्वाने त्यांना तेथे अडवले नाही. पती यांचे निधन १९७५ सालीच झाले. पुढे जाहिरातपटाने तर त्रोटक दृश्यखंडांची भाषा पूर्णपणे आत्मसात केली आणि तिच्यातील प्रश्न काढून टाकला. म्हणून वेगवान संकलन म्हणजे बंडखोरी, हे समीकरण टिकत नाही.

मग ‘एक्सप्लोरर’चे वेगळेपण कशात? मुंबईत त्याच सुमारास झालेल्या दोन कृतींशी तुलना केल्यास ते स्पष्ट होते. अकबर पदमसी यांनी १९६९ साली सुरू केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये ‘सिझिजी’ (१९७०) हा अकरा मिनिटांचा मूक सचेतपट झाला. त्यात केवळ रेषा आहेत, त्यांच्या भूमितीय स्थित्यंतरांची लय आहे. मर्ढेकरांच्या शुद्ध संवेदनेला याहून जवळचा चित्रपट आपल्याकडे सापडणे कठीण. तैयब मेहता यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘कूडल’मध्ये (१९७०) वांद्र्याच्या कत्तलखान्यातील प्रतिमा आहेत. तेथे प्रतिमेचे वजन इतके आहे की लयीला तिच्यापुढे थांबावे लागते. ‘सिझिजी’त अर्थाचा त्याग आहे, ‘कूडल’मध्ये अर्थाचा भार आहे. ‘एक्सप्लोरर’ या दोहोंच्या मध्ये, सर्वांत अस्थिर जागी उभा आहे. तो अर्थपूर्ण प्रतिमांना ठोक्यांच्या वेगात ढकलतो, आणि त्या पूर्णपणे ठोके होत नाहीत, हे दाखवून देतो. वेगातही चेहरा चेहराच राहतो. प्रेक्षकाला जी अस्वस्थता जाणवते ती या न विरघळणाऱ्या अवशेषाची असते. जाहिरातपटाला हा अवशेष नको असतो, प्रचारपटालाही नको असतो. लयबद्ध संकलन कलाकृती केव्हा होते आणि केव्हा तंत्र राहते, याची कसोटी येथे मिळते.

७

साहित्याच्या अभ्यासकाने या साऱ्याशी काय करावे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर साठोत्तरी मराठी साहित्याच्या इतिहासात आहे. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. तो रोष प्रस्थापित नियतकालिकाच्या मक्तेदारीवर होता, तसाच रूपवादी अभिरुचीवरही होता. लघुनियतकालिकांची चळवळ मुंबईत भरात होती. त्याच मुंबईत, आदल्याच वर्षी, एका सरकारी खात्यात रूपाच्या मार्गानेच प्रस्थापिताला छेद दिला गेला होता. रूप आणि जीवन असा जो पेच तत्कालीन वादात मांडला गेला, त्याला ‘एक्सप्लोरर’ हे प्रत्युत्तर ठरू शकले असते. मात्र मराठी समीक्षकांच्या दृष्टीने चित्रपट ही करमणूक होती आणि सरकारी लघुपट हा मध्यंतराआधीचा व्यत्यय होता.

या दुराव्याला एक अपवाद संभवत होता, आणि तो कोल्हापूरचा होता. अरुण कोलटकर यांचा जन्म १९३२ साली कोल्हापुरात झाला. त्यांचे शालेय शिक्षण राजाराम हायस्कूलमध्ये झाले. म्हणजे ते पतींचे समवयस्क. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात स्थिरावले, आणि दृश्य मांडणीच्या क्षेत्रात त्यांनी नाव मिळवले. त्यांच्या कवितेतील तुटक, दुवे गाळलेल्या प्रतिमांच्या मांडणीविषयी समीक्षेने अतिवास्तववादाच्या आधारे पुष्कळ लिहिले आहे. त्या मांडणीचा विचार संकलनाच्या अंगाने करणे हे अद्याप बऱ्याच अंशी बाकी आहे. ओळ कोठे कापावी, प्रतिमा किती काळ टिकू द्यावी, ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ गाळल्यानंतर दोन ओळींमधील संबंध कोणी प्रस्थापित करायचा, हे प्रश्न कवितेचे आहेत तसेच संकलनमेजावरचेही आहेत. कोलटकरांवर पतींचा प्रभाव होता, असे येथे सुचवायचे नाही. एकाच काळातील दोन माध्यमांनी निवेदकाला बाजूला सारण्यासाठी शोधलेले मार्ग समांतर होते, एवढाच मुद्दा आहे, आणि तो प्रभावाच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा आहे.

पती यांच्या लघुपटांकडे पुन्हा लक्ष गेले ते एकविसाव्या शतकात. २००३ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘एक्सपेरिमेंटा’ महोत्सवाने आणि पुढे स्वतः फिल्म्स डिव्हिजनने योजलेल्या खेळांनी त्यांना नवा प्रेक्षक मिळवून दिला. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजनचे कार्य राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले आणि चौऱ्याहत्तर वर्षांची स्वतंत्र संस्था म्हणून असलेली तिची वाटचाल संपली. आता हे लघुपट सक्तीने कोणालाही पाहावे लागत नाहीत. या पुनर्शोधात एक धोका मात्र आहे. महोत्सवाच्या अंधारात ‘एक्सप्लोरर’ हा एका एकाकी प्रतिभावंताचा चमत्कार वाटू लागतो, आणि ज्या निवेदनाविरुद्ध तो उभा होता ते निवेदन ऐकू येईनासे होते. निवेदनाचा आवाज आठवल्यावाचून त्याच्या अभावाचे मोल कळत नाही.

त्यासाठी साक्षीदार लागतो तो कथापटाचे तिकीट काढून आलेल्या आणि आधी सरकारी लघुपट निमूटपणे पाहिलेल्या प्रेक्षकाचा. कोल्हापूरच्या चित्रपट-इतिहासात स्टुडिओंच्या आणि कॅमेऱ्यांच्या बरोबरीने या प्रेक्षकालाही जागा दिली पाहिजे. त्याच्या कानात वर्षानुवर्षे एक आवाज साठलेला आहे, जो प्रत्येक विरोध शेवटच्या वाक्यात मिटवीत असे. सात मिनिटांच्या एका लघुपटाने तो आवाज थांबवला आणि विरोध तसाच ठेवला. आपल्या सौंदर्यशास्त्राने समतोलाला नियमाचा दर्जा दिला तेव्हा त्यानेही त्या आवाजाशी नकळत सूर जुळवला होता का, याची तपासणी आता तरी व्हावयास हवी.